पियानोचे धडे : पडद्यावरचे आणि गुरुजवळचे

उंद्री (जि. बुलडाणा), प्रतिनिधी

महाराष्ट्राच्या नकाशावर जवळजवळ सारख्याच नावाची दोन गावे आहेत. एक पुण्याच्या दक्षिणेकडचे उंड्री. 2017 साली ते महापालिकेच्या हद्दीत आले आणि आज मोठमोठ्या गृहसंकुलांनी ते गजबजून गेले आहे. दुसरे बुलडाणा जिल्ह्यातील, चिखली तालुक्यातील उंद्री. दोघांमध्ये अंतर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक. पुण्याच्या उंड्रीतील एखाद्या मुलीला पियानो शिकावासा वाटला, तर काही किलोमीटरच्या परिघात तिला शिक्षक मिळणे फारसे अवघड नाही. बुलडाण्याच्या उंद्रीतील मुलीला तीच इच्छा झाली, तर गावात भजनाची पेटी सापडेल, तबला सापडेल. पण पियानोचा प्रशिक्षित शिक्षक वऱ्हाडातील अशा गावांच्या आसपास सापडणे ही दुर्मीळच गोष्ट.

मात्र एक वस्तू दोन्ही घरांत सारखी आहे. मोबाइल फोन. त्याच्या पडद्यावर उमटणारा पियानोचा धडा दोन्हीकडे तंतोतंत तोच असतो. मग धडा सारखा पोहोचला की वादनही सारखे येते का? शिक्षकाविना, केवळ पडद्यावरून पियानोचे तंत्र हाती येऊ शकते का? हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. घरातील पैसा, मुलांची कोवळ्या वयातील वर्षे आणि त्यांच्या हातांचे आरोग्य या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात न शोधता, पियानो वाजवताना नेमके घडते काय, हे आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

दहा मिलिमीटरचा खेळ

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या वाद्यकारागिराने 1700 च्या सुमारास पियानो घडवला. त्याने तयार केलेल्या पियानोंपैकी आज तीनच शिल्लक आहेत आणि त्यांतील 1720 सालचा सर्वांत जुना पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यापूर्वीच्या हार्पसिकॉर्ड या वाद्यात पट्टी दाबली की तार छेडली जाई. पट्टी हळू दाबा की जोराने, आवाज जवळजवळ सारखाच येई. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी आपटणारी यंत्रणा बसवली आणि हळू व मोठा असे दोन्ही आवाज बोटांच्या ताब्यात आले. हेच या वाद्याचे खरे वैशिष्ट्य.

आजच्या पियानोत 88 पट्ट्या असतात. 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. पट्टी खाली जाते ती जेमतेम दहा मिलिमीटर. तिला खाली न्यायला सुमारे 50 ग्रॅम वजन पुरते. परंतु या दहा मिलिमीटरच्या प्रवासातच सारे काही ठरते. पट्टी तळाला टेकण्याच्या किंचित आधी हातोडी तिच्या ताब्यातून सुटते आणि पुढचे अंतर स्वतःच्या वेगाने कापून तारेवर आदळते. एकदा ती सुटली की वादकाला काहीही करता येत नाही. पट्टी त्यानंतर कितीही जोराने दाबून धरली तरी स्वरात फरक पडत नाही. हातोडीचा वेग जेवढा, तेवढा आवाज. म्हणजेच वादकाला आपली सगळी अभिव्यक्ती सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात, एका सेंटिमीटरच्या आत बसवायची असते. वर ती दहा बोटांसाठी वेगवेगळी, कारण उजव्या हातातील चाल ठळक आणि डाव्या हातातील साथ मंद ऐकू यावी लागते.

हा ताबा केवळ बोटांच्या बळावर येत नाही. खांदा, दंड, कोपर, मनगट आणि बोट ही एक साखळी आहे. खांदा सैल असेल तर हाताचे वजन अलगद बोटाच्या टोकाशी उतरते. खांदा किंवा मनगट आवळलेले असेल तर तेच काम बोटांच्या लहान स्नायूंना ओढाताण करून करावे लागते. सुरुवातीच्या सोप्या धड्यांत हा फरक कानाला जाणवतही नाही. तीन-चार वर्षांनी लय वाढली, रचना लांबली, की मात्र हात भरून येतो, वेग अडतो आणि ‘इतके दिवस जमत होते, आता का जमत नाही’ असा प्रश्न उभा राहतो. पियानोच्या शिक्षणातील बहुतेक तक्रारींचे मूळ अशा पहिल्या काही महिन्यांत लागलेल्या सवयींत असते.

दुसरे उदाहरण अंगठ्याचे. सात-आठ स्वरांचा आरोह पाच बोटांनी सलग वाजवायचा, तर वाटेत अंगठा तळहाताखालून पुढे न्यावा लागतो. हे करताना कोपर बाहेर फेकले गेले किंवा मनगट खाली बसले, की त्या जागी स्वराला धक्का बसतो. युरोपातही जुन्या काळी वादक अंगठ्याचा वापर बेताचाच करत. कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख याने 1753 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बोटांच्या मांडणीचे सविस्तर विवेचन केले आणि अंगठ्याला तीत मानाचे स्थान दिले. एका बोटाचा नीट वापर समजायलाही पिढ्या लागल्या, हे येथे ध्यानात घ्यावे.

‘ऑनलाइन’ म्हणजे नेमके काय?

या विषयावरील चर्चेत बहुधा घोळ होतो तो येथे. ‘ऑनलाइन शिकणे’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि तिघींचे गुणदोष वेगळे आहेत.

पहिली, ध्वनिचित्रमुद्रित धडे. यूट्यूब 2005 साली सुरू झाले आणि जगभरातील शिक्षकांचे धडे कोणालाही विनामूल्य पाहता येऊ लागले. या धड्यांचा मोठा फायदा म्हणजे ते थांबवता येतात, मागे नेता येतात, सावकाश चालवता येतात. वर्गात शिक्षकाला तेच दहा वेळा विचारायला संकोच वाटतो. पडद्याला वाटेल तितक्या वेळा विचारता येते. परंतु येथे शिक्षक दिसतो, विद्यार्थी मात्र कोणालाच दिसत नाही.

दुसरी, अॅप. सिंप्ली पियानो, फ्लोकी, यूझिशियन यांसारखी अॅप फोनच्या मायक्रोफोनमधून स्वर ऐकतात किंवा तारेने कीबोर्डला जोडली जातात. वाद्य आणि संगणक यांच्यातील संवादासाठी ‘मिडी’ ही सामायिक भाषा 1983 मध्ये वाद्यनिर्मात्यांनी स्वीकारली. तिच्यातून कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, केव्हा सोडली आणि किती वेगाने दाबली, एवढी माहिती संगणकाला मिळते. हा वेग 127 पर्यंतच्या आकड्यांत मोजला जातो. चुकीचा स्वर, चुकलेली लय ही यंत्रणा अचूक पकडते आणि त्या बाबतीत ती कोणत्याही शिक्षकापेक्षा कमी कंटाळते. पण तिच्या हिशेबात मनगट नाही, खांदा नाही, रोखून धरलेला श्वास नाही. योग्य स्वर चुकीच्या हाताने वाजला तरी अॅप शाबासकीच देते आणि विद्यार्थी पुढच्या पायरीवर जातो. चूक अशी बक्षीस घेऊन पक्की होते.

तिसरी, थेट शिकवणी. म्हणजे दूरच्या शहरातील शिक्षक ठरलेल्या वेळी पडद्यावर समोर असतो. स्काइप ही सेवा 2003 मध्ये आली तेव्हापासून परदेशी गेलेल्या अनेक मराठी घरांतील मुले भारतातील गुरूंकडून गाणे, तबला, पेटी शिकू लागली. गायक शंकर महादेवन यांच्या नावाच्या अकादमीने 2010 नंतरच्या काळात संगीतशिक्षणाचा ऑनलाइन मार्ग अधिक रुळवला. येथे विद्यार्थी दिसतो, ऐकू येतो आणि त्याला तेथल्या तेथे सांगता येते. हा फरक मूलभूत आहे. म्हणून ‘ऑनलाइन की शिक्षक’ अशी सरळ तुलना चुकीची ठरते. खरी तुलना आहे ती ‘पाहणारा कोणी आहे की नाही’ याची.

अडथळा सेकंदाच्या अंशाचा

थेट शिकवणीलाही मर्यादा आहेत आणि त्या शिक्षकाच्या कौशल्याच्या नाहीत, तर तंत्राच्या आहेत. ध्वनी हवेतून एका मीटरला साधारण तीन मिलिसेकंद या गतीने जातो. दहा मीटर अंतरावर बसलेल्या दोन वादकांना एकमेकांचा स्वर सुमारे तीस मिलिसेकंद उशिराने पोहोचतो. एवढा उशीर वादक कसाबसा सांभाळून घेतात. त्यापेक्षा अधिक झाला की लय घसरू लागते. इंटरनेटवरील संभाषणात हा उशीर शंभर मिलिसेकंद किंवा त्याहून कितीतरी अधिक असतो. बोलण्यात तो लक्षात येत नाही. एकत्र वाजवणे मात्र अशक्य होते. शिक्षकाने डावा हात धरावा आणि विद्यार्थ्याने उजवा, किंवा दोघांनी एकाच पियानोवर चार हातांनी वाजवावे, ही पियानोशिक्षणातील जुनी आणि अत्यंत उपयुक्त पद्धत पडद्यावर साधत नाही.

दुसरी अडचण आवाजाची. संभाषणाची सॉफ्टवेअर मुळात माणसाच्या बोलण्यासाठी तयार झाली. मागचा पंखा, रस्त्यावरचा गोंगाट दडपणे हे त्यांचे काम. लांबत जाणारा पियानोचा स्वरही त्यांना गोंगाटच वाटतो आणि ती तो कापतात. मोठा आवाज दाबतात, मंद आवाज वर आणतात. परिणामी ज्या चढ-उतारासाठी हे वाद्य जन्माला आले, तोच शिक्षकापर्यंत पोहोचत नाही. झूमसारख्या सेवेत ‘मूळ आवाज’ कायम ठेवण्याची सोय आहे. ती सुरू केली तर बराच फरक पडतो. पण अनेक घरांत ती सोय असल्याचेच ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट स्पर्शाची. शेजारी बसलेला शिक्षक विद्यार्थ्याच्या कोपराखाली हात धरून ‘आता वजन सोड’ असे सांगतो, तेव्हा विद्यार्थ्याला सैलपणा म्हणजे काय ते एका क्षणात कळते. हेच शब्दांनी समजावायला तास लागतो आणि तरीही ते समजलेच, याची खात्री नसते. पेडलचेही तसेच. उजवे पेडल स्वर वाजून गेल्यावर, नेमक्या क्षणी दाबायचे असते. पाय पडद्यावर बहुधा दिसतच नाही आणि पेडलचा गढूळपणा फोनच्या लहानशा मायक्रोफोनला नीट टिपता येत नाही.

दुखापतीचा धोका

पियानोसारखे शांत वाद्य वाजवून इजा होते, हे अनेकांना खरे वाटत नाही. इतिहास मात्र वेगळे सांगतो. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान याला तरुणपणीच उजव्या हाताच्या बोटाच्या त्रासामुळे वादनाची कारकीर्द सोडावी लागली. बोटे बळकट करण्यासाठी त्याने वापरलेले एक यंत्र त्याला कारणीभूत होते, असे अनेक वर्षे सांगितले जाई. अभ्यासकांत त्याविषयी मतभेद आहेत. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात 1960 च्या दशकात, कारकिर्दीच्या ऐन भरात निकामी झाला. बोटे आपोआप आत वळत. पुढे अनेक वर्षे ते केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले, शिकवत राहिले आणि उपचारांनंतर 1990 च्या दशकात दोन्ही हातांनी वाजवू लागले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. फ्लायशर यांना आर्तूर श्नाबेल यांच्यासारखा श्रेष्ठ गुरू लाभला होता. शूमानही फ्रीडरिश वीक या नामवंत शिक्षकाकडे शिकला होता. म्हणजे गुरू असला की इजा होतच नाही, असे नाही. परंतु दुखत असताना थांबवणारे, सवय बिघडते आहे हे ओळखणारे कोणी जवळ असेल, तर धोका कमी होतो. अॅपवर रोजची साखळी तुटू नये म्हणून दुखऱ्या हाताने वाजवत राहणाऱ्या मुलाला थांबवणारे कोणी नसते. मनगटात किंवा कोपरापर्यंत जाणारी कळ, बोटांना मुंग्या, सकाळी आखडलेला हात ही लक्षणे दिसली की सराव त्वरित थांबवावा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘दुखल्याशिवाय हात तयार होत नाही’ हा समज पियानोच्या बाबतीत सर्वस्वी चुकीचा आहे.

दूरशिक्षण नवे नाही

शिक्षकाविना शिकण्याची धडपड इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. योहान बर्नहार्ड लोजिए याने 1814 मध्ये ‘कायरोप्लास्ट’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. पट्ट्यांसमोर बसवलेल्या या चौकटीत हात अडकवून मनगट व बोटे योग्य जागी धरली जात. म्हणजे हाताची ठेवण शिक्षकाऐवजी यंत्राने राखावी, ही कल्पना दोनशे वर्षांपूर्वीचीच. यंत्राने हात जागेवर धरला, पण सैलपणा शिकवला नाही. पुढे ते अडगळीत गेले.

बेटहोवनचा शिष्य आणि फ्रान्झ लिझ्टचा शिक्षक कार्ल चेर्नी (1791–1857) याने तर पियानोवादनावर पत्ररूप पुस्तक लिहिले. शहरापासून दूर खेड्यात राहणाऱ्या एका बारा वर्षांच्या काल्पनिक मुलीला उद्देशून ती पत्रे आहेत. उंद्रीतील मुलीची अडचण त्या काळच्या युरोपातही होती, एवढेच नव्हे तर त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या शिक्षकांपैकी एकाला ती दखल घेण्याजोगी वाटली होती.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांवर चालणारे स्वयंचलित पियानो आले. ड्यूक एलिंग्टन या अमेरिकी संगीतकाराने जेम्स पी. जॉन्सन याची एक अवघड रचना अशीच शिकून घेतली. गुंडाळी अगदी सावकाश फिरवायची, ज्या पट्ट्या आपोआप खाली जातात त्यांवर आपली बोटे ठेवायची. आजच्या ‘पडद्यावरून घसरत येणाऱ्या रंगीत पट्ट्यां’ची ही आजीच म्हणायची. मात्र एलिंग्टनने लहानपणी शिक्षिकेकडे प्राथमिक धडे घेतलेले होते, हेही विसरता येत नाही. रशियन वादक स्व्यातोस्लाव रिख्तर तर बव्हंशी स्वतःच्या बळावर घडला. तरीही वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने मॉस्को गाठले आणि हाइनरिख नॉयहाउस यांचे शिष्यत्व पत्करले.

महाराष्ट्राला यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको. भीमसेन जोशी यांनी लहानपणी अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि त्या स्वराने ते झपाटून गेले. परंतु ध्वनिमुद्रिकेवर ते थांबले नाहीत. 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांनी घर सोडले ते गुरूच्या शोधात. आणि 1936 पासून कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांकडे त्यांची तालीम सुरू झाली. ध्वनिमुद्रिकेने ओढ लावली, गळा घडवला तो गुरूने. विष्णू दिगंबर पलुसकर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत छापल्या, तेव्हाही ‘गाणे वर्गात आणि पुस्तकातून येते का?’ हा प्रश्न विचारला गेलाच. पुस्तकाने गुरूची जागा घेतली नाही. परंतु गुरू ज्यांच्या आवाक्याबाहेर होता, अशा हजारो घरांत संगीत नेले. ऑनलाइन धड्यांकडे याच दृष्टीने पाहणे उचित ठरेल.

गोव्याची वाट

पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण आपल्याकडे लहान गावांत पोहोचलेच नाही, असेही नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. त्या खेड्यांतून बाहेर पडलेल्या वादकांनी पुढे मुंबईचे वाद्यवृंद आणि हिंदी चित्रपटांचे संगीत उभे केले; अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील ठळक नावे. या यशाचे रहस्य वाद्यात नव्हते, तर गावात नियमित भेटणाऱ्या शिक्षकात होते. विदर्भ-मराठवाड्यात पियानोच्या बाबतीत अशी व्यवस्था उभी राहिली नाही. परिणामी मुंबई, पुणे, पणजी यांच्या पलीकडे पियानो हे ‘चित्रपटातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले वाद्य’ राहिले.

पेटीवाल्या घराला काय येते, काय येत नाही

तथापि वऱ्हाडातील घर अगदी कोरे नसते. गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी आहे आणि पेटीच्या पट्ट्यांची मांडणी पियानोसारखीच आहे. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ ही भाषा ज्याच्या कानावरून गेली आहे, त्याला पियानोवरील जागा ओळखायला वेळ लागत नाही. पांढरी एक म्हणजेच पियानोवरचा ‘सी’. शिवाय सुरेलपणाचा कान आणि तालाची जाण ही शिदोरी असतेच. शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले अप्पा जळगावकर (1922–2009) यांच्यासारखे संवादिनीवादक याच मातीतून वर आले.

मात्र पेटीचा हात जसाच्या तसा पियानोवर चालत नाही. पेटीत उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. पियानोत डाव्या हातालाही उजव्याइतकेच काम असते आणि त्याची तयारी शून्यापासून करावी लागते. पेटीचा आवाज लहान-मोठा होतो तो भात्यातील हवेने. पियानोत ते काम प्रत्येक बोटाचे. पेटीवर पट्टी धरून ठेवली की स्वर टिकतो. पियानोचा स्वर जन्मल्या क्षणापासून विरत जातो. त्यामुळे पेटी वाजवणारा मुलगा पियानोवर लवकर ‘गाणे’ काढतो. पण घरचे त्यालाच प्रगती समजले, तर तंत्राकडे दुर्लक्ष होते.

वाद्य निवडतानाही हाच विचार हवा. पाच-दहा हजार रुपयांचा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड ओळख करून घ्यायला पुरेसा आहे. परंतु त्याच्या पट्ट्या हलक्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या असतात. त्यांवर हाताचे वजन सोडायला शिकता येत नाही. ज्याला तंत्र शिकायचे आहे, त्याला आज ना उद्या 88 वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो लागतो आणि त्याची किंमत साधारण पस्तीस-चाळीस हजारांच्या पुढे जाते. कापूस-सोयाबीनच्या भावावर वर्षाचा हिशेब बसवणाऱ्या घरासाठी हा खर्च लहान नाही. म्हणून वर्षभर साध्या कीबोर्डवर मुलाची आवड टिकते का ते पाहावे. निदान दाबाचा जोर ओळखणाऱ्या पट्ट्या तरी असाव्यात, आणि मोठा खर्च त्यानंतर करावा.

2020 नंतरचे चित्र

मार्च 2020 मध्ये देशव्यापी टाळेबंदी लागली आणि शहरांतील पियानोचे शिक्षकही एका आठवड्यात पडद्यावर आले. ज्यांनी ऑनलाइन शिकवण्याला नेहमी नाक मुरडले होते, त्यांनाही पर्याय उरला नाही. याच वर्षी ब्रिटनमधील परीक्षा मंडळांनी मोठा बदल केला. 1889 साली स्थापन झालेल्या एबीआरएसएम या मंडळाने ध्वनिचित्रमुद्रण पाठवून देता येणाऱ्या परीक्षा सुरू केल्या. ट्रिनिटी कॉलेज लंडननेही तसाच मार्ग खुला केला. पूर्वी परीक्षकासमोर बसण्यासाठी मोठ्या शहरातील केंद्रावर जावे लागे. आता तालुक्याच्या गावातून मुद्रण पाठवता येते. दूरच्या विद्यार्थ्यासाठी ही खरोखर मोठी सोय आहे.

मात्र पालकांनी एक भेद जाणून घ्यावा. एबीआरएसएमच्या या नव्या परीक्षेत विद्यार्थी चार रचना सलग वाजवून पाठवतो. समोरासमोरच्या परीक्षेत असणारे स्वरपंक्तींचे वादन, न पाहिलेल्या रचनेचे तत्काळ वाचन आणि कानाची चाचणी यांचा तीत स्वतंत्र भाग नसतो. चार रचना वर्षभर घोटून प्रमाणपत्र मिळू शकते. पण पाचवी रचना समोर आली की हात अडतो. प्रमाणपत्र आणि तयारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरील चौकट पाहून तंत्राचा अंदाज बांधू नये.

मग करावे काय?

शिक्षक दूर आहे म्हणून पियानोचा नाद सोडावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. उपलब्ध साधने कोणत्या क्रमाने वापरावीत, एवढाच प्रश्न आहे.

पहिले काही महिने सर्वांत मोलाचे. पैसे मोजके असतील तर ते येथेच खर्च करावेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातील नातेवाइकांकडे राहून पंधरा-वीस दिवस शिक्षकासमोर प्रत्यक्ष बसता आले, तर बैठक, हाताची ठेवण आणि अंगठ्याची चाल यांचा पाया पडतो. त्यानंतर आठवड्यातून एकदा थेट ऑनलाइन शिकवणी आणि तीन-चार महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेट, असा क्रम ठेवता येतो. हे न जमल्यास पहिल्या दिवसापासून थेट शिकवणी घ्यावी. केवळ अॅपवर आरंभ करू नये. उलट पाया पडल्यानंतर स्वरलेखन वाचणे, लय पक्की करणे, नव्या रचनांची ओळख करून घेणे यांसाठी अॅप आणि मुद्रित धडे यांसारखे स्वस्त साधन नाही.

थेट शिकवणीत फोन समोर ठेवू नये. चेहरा दिसून शिक्षकाला काही कळत नाही. फोन बाजूला, पट्ट्यांच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे मनगट, कोपर आणि खांदा एका रेषेत दिसतात. दुसरा फोन असल्यास तो वरून हातांवर रोखावा. आवाजाची ‘मूळ आवाज’ ही सोय सुरू करावी. नेटवर्कचा भरवसा नसेल, तर शिकवणीच्या आदल्या दिवशी सरावाचे मुद्रण करून शिक्षकाला पाठवावे. अशा मुद्रणात आवाज तुटत नाही आणि शिक्षकाला ते थांबवून, पुन्हा पाहून चूक शोधता येते. वीज आणि इंटरनेट या दोन्हींची खात्री नसलेल्या गावांत हा मार्ग थेट शिकवणीपेक्षाही भरवशाचा ठरू शकतो.

बैठकीची तपासणी घरच्यांनाही करता येते. कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीवर, पाय जमिनीवर टेकलेले, लहान मुलाचे पाय पोहोचत नसतील तर खाली पाट. खांदे वर चढलेले नकोत. वाजवताना मुलाशी बोलावे. बोलताना हात अडखळला तर लय अजून मुरलेली नाही, आणि श्वास रोखलेला आढळला तर हात आवळलेला आहे, असे समजावे. दिवसातून एकदाच दोन तास बसण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन बैठका हाताला मानवतात.

गावातील पेटीवादक किंवा तबलजी यांचीही मदत घ्यावी. त्यांना पियानोचे तंत्र ठाऊक नसेल. पण लय पुढे धावते आहे का, स्वर अडखळतो आहे का, हे त्यांचा कान बिनचूक सांगतो. आठवड्यातून एकदा कोणा जाणत्या माणसासमोर वाजवण्याची सवय लागली, की एकट्याने पडद्यासमोर बसण्याचा कोंडलेपणाही कमी होतो. ऑनलाइन शिकणारी अनेक मुले मध्येच सोडतात ती धडे अवघड म्हणून नव्हे, तर ऐकणारे कोणी नसते म्हणून.

अॅप किंवा अभ्यासक्रम निवडताना तीन प्रश्न विचारावेत. विद्यार्थ्याचे वादन कोणी माणूस पाहणार आहे का? स्वर आणि लय यांखेरीज हाताच्या ठेवणीवर काही सांगितले जाणार आहे का? आणि दुखले तर काय करायचे, याचे मार्गदर्शन त्यात आहे का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर तो करमणुकीचा खेळ समजावा. शिक्षण समजू नये. खेळ म्हणून तो वाईट नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट. एकलव्याची कथा अशा प्रसंगी हमखास सांगितली जाते. गुरूच्या पुतळ्यासमोर त्याने विद्या मिळवली, हा त्या कथेचा पूर्वार्ध. त्याच्या उत्तरार्धात अंगठा जातो. पडद्यासमोर बसणाऱ्या आजच्या एकलव्यांची जिद्द कोणाहून कमी नाही. त्यांचे अंगठे, मनगटे शाबूत राहावीत यासाठी वर्षातून निदान चार-दोनदा जिवंत माणसाची नजर त्यांच्या हातांवर पडली पाहिजे. शहरांतील संगीतशाळांनी सुट्टीत जिल्ह्याच्या ठिकाणी आठ-दहा दिवसांची शिबिरे घेतली, एखाद्या शाळेने एक चांगला डिजिटल पियानो सर्वांसाठी खुला ठेवला, तर पुण्याची उंड्री आणि बुलडाण्याची उंद्री यांच्यामधील अंतर बरेच कमी होईल. उरलेले अंतर फोन कापू शकतो.